रंग गेलेलं पाणी

ती बाई पाणी प्यायली. मी रोज सकाळी साडेसातला पुलावरून जाते, खांद्याला डबा, हातात छत्री, डोक्यात त्या दिवशीच्या कामांची यादी. खाली नाल्यात कोण काय करतंय याकडे माझं लक्ष नसतं. आज छत्रीची मूठ कठड्यात अडकली म्हणून थांबले आणि खाली पाहिलं. काठावरच्या सपाट दगडावर एक बाई बसली होती. तिने बादली भरून बाजूला ठेवली, ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरली आणि मग दुसरी ओंजळ प्यायली. अगदी सहज, आपण घरात नळाखाली हात धरून पितो तशी. मग शेजारच्या लहान मुलीचं तोंड धुतलं आणि तिच्यापुढेही ओंजळ धरली. मुलगी दोन घोट प्यायली, तिसरा तिने आईच्या अंगावर फुर्रकन उडवला, आई हसली. मी वरून ओरडायला हवं होतं. "अहो बाई, ते पाणी पिऊ नका." सहा शब्द. ते माझ्या तोंडून असे निघाले की शेजारून गेलेल्या सायकलवाल्यालाही ऐकू आले नसतील. तरी बाईने वर पाहिलं आणि मला ओळखलं. "बागेतल्या बाई ना तुम्ही?" ती खालून म्हणाली. "किती छान केलंत हो पाणी!" आणि तिने हात हलवला. मीही हात हलवला, आणि पुढे चालू लागले.

पुलापासून कारखान्याचं फाटक अकरा मिनिटांवर आहे. आज ते फार जवळ वाटलं. अकरा वाजता तपासणीची मंडळी येणार होती, माझी बाग बघायला, आणि मी आठ दिवस त्याचीच तयारी करत होते. वाफ्यांच्या कडा चुन्याने रंगवून घेतल्या होत्या, पिवळी पानं खुडून घेतली होती. आणि डोळ्यांसमोर सारखी ती ओंजळ येत होती. माझं लहानपण या नाल्याच्याच काठी गेलं. तेव्हा नाल्याला पाण्याचा रंग कधी नसे. आज निळा, उद्या शेवाळी, लग्नाचे कपडे रंगायला आले की आठवडाभर लालभडक. बाबा याच कारखान्यात रंग जुळवायचे. गिऱ्हाईक कापडाची चिंधी पाठवायचं आणि बाबा उत्तरेच्या खिडकीपाशी उभे राहून ती चिंधी आणि नुकतं रंगवलेलं कापड शेजारी शेजारी धरून बघत राहायचे, डोळे बारीक करून, श्वास रोखून. त्यांच्या नजरेवर अख्खा कारखाना चालायचा. संध्याकाळी ते दारात आले की आई आतून विचारायची, "आज कोण आलंय? निळा नवरा की लाल?" आणि बाबा कोपरापर्यंत रंगलेले हात पाठीमागे लपवून म्हणायचे, "ओळख." मग मोरीत साबणाने तीन वेळा हात धुणं, आणि शेवटी पांढऱ्या टॉवेलला हात पुसणं. टॉवेलवर डाग उठला नाही की हात स्वच्छ, मगच ताटावर बसायचं. गल्लीतल्या प्रत्येक रंगवाल्याच्या घरात हाच कायदा होता. आणि नाल्याचं म्हणाल तर त्या पाण्याला कुत्रंसुद्धा तोंड लावत नसे. आम्हा पोरांना कोणी 'तिकडे जाऊ नका' असं सांगितल्याचंही मला आठवत नाही, सांगायची गरजच नव्हती.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या लघवीतून रक्त गेलं. त्यांनी महिनाभर कोणाला सांगितलं नाही, आणि सांगितलं तेही थट्टेवारी नेत, "जुना लाल बाहेर पडतोय बघ एवढ्या वर्षांनी." डॉक्टर तरुण होता, त्याने आधी रिपोर्ट न बघता बाबांच्या नखांकडे बघितलं आणि काम काय करायचात ते विचारलं. मग विचारलं, जेवायच्या आधी हात धुवायचात ना? बाबांना हा प्रश्न अपमानाचा वाटला. "तीनदा," ते म्हणाले, "साबणाने. टॉवेलवर डाग उठला तर नाव बदलीन." डॉक्टर म्हणाला, "आजोबा, रंग त्रास देतो, पण रंग ज्याच्यापासून बनतो आणि मोडला की त्याचं पुन्हा जे होतं, ते जास्त वाईट. आणि त्याला रंग नसतो. ते तुमच्या हातावर होतंच, फक्त दिसत नव्हतं." बाबा माझ्याकडे बघायला लागले, जणू मी म्हणणार की हा पोरगा काहीतरीच बोलतोय. मी रिपोर्टची घडी घातली. मला हे ठाऊक होतं, सतरा वर्षं कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी पाण्याच्या बाटल्याच तपासत आले होते. मूत्राशय काढल्यापासून बाबांच्या पोटावर लघवीची पिशवी असते. ती रिकामी करताना ते भिंतीकडे तोंड करतात आणि मी काहीतरी असंबद्ध बोलत राहते, भाव काय झालेत, शेजारच्यांचा कुत्रा कसा भुंकतो. चाळीस वर्षं पांढऱ्या टॉवेलवर विश्वास ठेवून जेवलेला माणूस.

आणि तरीही मी तेच केलं. हे लिहिताना मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. बाग माझी कल्पना. मी सुचवली तेव्हा साहेब, म्हणजे आमचे व्यवस्थापक, पोट धरून हसले होते. "कारखान्याचं पाणी फुलझाडं साफ करणार? मग मशिनं भंगारात घालू आणि हार विकू." सगळे मला माळीणबाई म्हणायला लागले. पण पाणी साफ करायची मशिनं महाग होती आणि माझी झाडं स्वस्त, म्हणून शेवटी परवानगी मिळाली. कारखान्यामागच्या पडीक जागेत खडी भरलेले सहा लांब वाफे केले. पाणी वरून दिसत नाही, खडीच्या पोटातून, मुळांमधून हळूहळू पुढे सरकतं. पहिल्या दोन वाफ्यांत कर्दळ, मग झेंडू, मग तेरडा, आणि शेवटचे दोन वाफे उथळ आणि उघडे, त्यांच्या कडेने चिनी गुलाब, म्हणजे पाण्याला ऊन मिळावं, हवा मिळावी. पहिल्या चार वाफ्यांत मुळं आणि मुळांना चिकटलेले जंतू रंग मोडतात. मोडल्यावर जे उरतं, तेच ते डॉक्टरने सांगितलेलं, ते पुढच्या दोन वाफ्यांत हवेत आणि उन्हात संपतं. सगळ्याला मिळून चार दिवस लागतात. रंग पहिल्याच दिवशी जातो. बाकीचे तीन दिवस ज्याच्यासाठी लागतात ते डोळ्यांना दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याच्यासाठी तीन दिवस मागणारी बाई कोणालाही खुळीच वाटते. पण ते मिळाले. आठ महिन्यांपूर्वी पहिल्यांदा नाल्याचा तळ दिसला तेव्हा मी काठावर बसून रडले. बाबांना हाताला धरून पुलापर्यंत आणलं. ते बराच वेळ खाली बघत राहिले आणि म्हणाले, "मला वाटलं नव्हतं याला तळ असेल."

तळ दिसला आणि माणसं आली. ज्या काठावर कोणी फुकट राहिलं नसतं तिथे पत्र्याच्या खोल्यांची रांग उभी राहिली. तिथे राहतात ते आमच्याच कारखान्यातले घडी घालणारे आणि गठ्ठे बांधणारे. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही करंगळीएवढ्या धारेचं. आधी त्यांनी नाल्यावर भांडी घासली, मग कपडे धुतले. तोवर पाणी खरंच बरं होतं आणि मला वाईट वाटायचं कारण नव्हतं. मग दोन महिन्यांपूर्वी कारखान्याला मोठं काम मिळालं, तिसरी पाळी सुरू झाली, आणि गठ्ठे ठेवायला जागा हवी म्हणून साहेबांनी माझे शेवटचे दोन वाफे बुजवून त्यावर शेड टाकली. "फुलं काय, चार वाफ्यांतही दिसतात," ते म्हणाले. दुप्पट पाणी, कमी वाफे. चार दिवसांचं काम दीड दिवसात उरकायला लागलं. रंग मात्र जातच राहिला. कर्दळीने मान खाली घातली नाही. तीन आठवड्यांपूर्वी मी शेवटी एका बशीत टिपकागद घालून त्यावर मोहरीचे वीस दाणे पेरले आणि त्यांना नाल्याचं पाणी दिलं. दुसऱ्या बशीला नळाचं. पाच दिवसांनी नळाच्या बशीत हिरवी दाटी झाली होती. नाल्याच्या बशीत सात दाणे उमलले, त्यांची मुळं नखाएवढी, टोकाला तपकिरी. मी ती बशी हातात घेऊन बराच वेळ उभी होते. कोणीतरी दार वाजवलं आणि मी ती ड्रॉवरमध्ये ठेवली. अहवालात रंगाचा आकडा लिहिला, तो फारच चांगला होता, आणि खाली सही केली. खोटं एकही अक्षर लिहिलं नाही. मला वाटलं, तपासणी होऊन जाऊ दे, बागेचं नाव होऊ दे, मग वाफे परत मागता येतील, तेव्हा साहेबांना नाही म्हणता येणार नाही. हे मी तीन आठवडे स्वतःला रोज सांगत होते आणि रोज पटतही होतं. ती बाई ओंजळ तोंडाशी नेईपर्यंत पटत होतं.

दहा वाजता मी साहेबांच्या खोलीत गेले. ते आरशात बघून कॉलर सरळ करत होते. मी बशीचं सांगितलं, बाईचं सांगितलं, तिच्या मुलीचं सांगितलं. ते आरशातूनच माझ्याकडे बघत होते. "नाल्यातलं पाणी प्यायला कोणी सांगितलंय का लोकांना? आपण सांगितलंय?" "नाही." "मग?" "साहेब, पाणी लाल होतं तेव्हा कोणी हात घालत नव्हतं. आता स्वच्छ दिसतं म्हणून पितात." "म्हणजे स्वच्छ दिसतं हा आता गुन्हा झाला?" ते वळले. माणूस वाईट नाही, हे मी आजही म्हणेन. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी न मागता मला रजा दिली होती. ते खुर्चीत बसले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा बाई. नियमात रंग मोजतात, वास मोजतात, आणखी चार गोष्टी मोजतात. त्या सगळ्यांत आपण पास आहोत, तुमच्यामुळेच पास आहोत. जे मोजतच नाहीत त्याच्यासाठी मी शेड पाडू? तिसरी पाळी बंद करू? त्या पत्र्याच्या खोल्यांतली माणसं त्याच पाळीत कामाला आहेत." याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मला जिन्यावरून खाली आल्यावर सुचलं. माझं हे नेहमीचंच आहे. आईही म्हणायची, हिची अक्कल भांडण संपल्यावर येते.

पाहुणे तिघे होते. दोन पुरुष वह्या घेऊन, आणि त्यांच्या मोठ्या अधिकारी, माझ्याच वयाच्या, चष्मा गळ्यात अडकवलेल्या बाई. त्या खरंच मन लावून बघत होत्या. खडी हातात घेतली, कर्दळीचं मूळ उपसून दाखवायला सांगितलं, तेरडा कोणत्या रंगावर चांगला चालतो ते विचारलं. मी बोलत होते आणि माझं मला ऐकू येत होतं, छान, मुद्देसूद, कुठेही न अडखळता. प्रत्येक वाक्यानंतर मला वाटायचं, आता पुढच्या वाक्यात सांगू. त्या म्हणाल्या, "आणि शेवटी पाणी किती दिवसांनी बाहेर पडतं?" माझं तोंड उघडलं. साहेब माझ्या आधी म्हणाले, "बाहेर पडतं ते प्रत्यक्षच बघा ना," आणि त्यांनी खूण केली. ट्रेमध्ये काचेचा ग्लास आला. शेवटच्या वाफ्याच्या तोटीखाली धरून साहेबांनी तो स्वतः भरला आणि उन्हात उंच धरला. पाणी इतकं नितळ होतं की ग्लासपलीकडे त्यांची बोटं दिसत होती. "आमच्या बाईंचा स्वतःच्या कामावर किती विश्वास आहे ते तुम्ही बघाच," ते म्हणाले आणि ग्लास माझ्यापुढे केला. सगळे हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत होते. वहीवाल्याने मोबाईल वर धरला. साहेबही हसत होते, पण त्यांची नजर हसत नव्हती, आणि मला कळलं की हे त्यांनी दहा वाजताच ठरवलं असणार, मी खोलीतून बाहेर पडता पडता. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. 'नाही.' मी नुसता ग्लास खाली ठेवला असता तरी त्या चष्मेवाल्या बाईंनी पुढचं सगळं विचारून काढलं असतं. मी ग्लास घेतला आणि प्यायले. अर्धा नाही, सगळा. त्याला कसलीही चव नव्हती. टाळ्या वाजल्या. अधिकारी बाई माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "तुमचं कौतुक करावं तेवढं थोडं." आणि मंडळी चहाला वर गेली.

मी मागे राहिले. ओकावंसं वाटलं, ओकता येईना. एका ग्लासाने मला काही होणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. एका दिवसाने बाबांनाही काही झालं नव्हतं. भीती माझ्या पोटाची नव्हतीच. भीती अशी होती की आता मी हे पुन्हा कधीच सांगू शकणार नाही. हा फोटो त्या पत्र्याच्या खोल्यांपर्यंत पोहोचेल, बागेतल्या बाई स्वतः पितात म्हणतील, आणि जी एक बाई पीत होती तिथे चाळीस पितील. माझ्या तोंडावर माझा भरवसा उरला नव्हता. सकाळी पुलावर ते चाललं नाही, साहेबांपुढे अर्धवट चाललं, आणि ग्लासपुढे तर ते उघडलं ते प्यायलाच. मग हात तरी चालतात का बघू, असं मी मनातल्या मनात म्हणाले की मोठ्याने, ते आठवत नाही. पहिल्या वाफ्याच्या अलीकडे जमिनीत एक लोखंडी चाक आहे. ते फिरवलं की कारखान्याचं पाणी वाफ्यांत न जाता शेजारच्या जुन्या पाइपाने थेट नाल्यात जातं. वाफे दुरुस्त करायच्या वेळेसाठी ते ठेवलंय. मीच ठेवायला लावलं होतं. चाक गंजून बसलं होतं. मी दोन्ही हातांनी लोंबकळले तरी ते हलेना. पंप बघणारा म्हातारा फिटर विडी विझवून जवळ आला. "काय माळीणबाई, झाडांना सुट्टी?" मी पुन्हा चाकाला लोंबकळले. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग वरच्या मजल्याच्या खिडकीकडे, जिथून चहाच्या कपांचा आवाज येत होता. मग गेला आणि हातभर लांबीचा पाइप घेऊन आला, चाकाच्या आऱ्यात अडकवला आणि म्हणाला, "मी पाइप दिला. चाक मी फिरवलं नाही." आणि खरंच बाजूला जाऊन उभा राहिला. मी अंगाचा सगळा भार टाकला. चाक किंचाळलं आणि फिरलं. पायाखाली पाण्याने दिशा बदलल्याचा घरघर आवाज आला. आज सकाळपासून गडद लालचा घाणा चालू होता, हे मला माहीत होतं.

मी मागच्या फाटकातून निघाले आणि नाल्याच्या काठाकाठाने चालू लागले. लाल माझ्या थोडं पुढे होतं. पाण्यात आधी धाग्यासारखं, मग पट्ट्यासारखं, मग काठापासून काठापर्यंत. मला जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. तीन वर्षांची बाग मी माझ्या हाताने उपाशी ठेवली होती, उद्या नोकरी नसणार होती आणि बाबांच्या पिशव्या महिन्याला लागतातच. शिवाय हे काही स्वच्छ पाणी नव्हतं, आधीचंच घाण पाणी होतं. एवढंच की आता ते घाण आहे हे कोणीही सांगू शकलं असतं. पुलाखाली दुपारची भांडी घेऊन सात-आठ बायका बसल्या होत्या. पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचलं तेव्हा आरडाओरडा झाला, एकीने कढई उचलून घेतली, दुसरीने धुतलेले कपडे काठावर भिरकावले. मी पोहोचले तेव्हा सगळ्या पाण्यापासून चार पावलं मागे उभ्या होत्या. सकाळची बाई मला बघून धावतच आली. मुलगी तिच्या मागे.

"बघितलंत का हो काय केलं मेल्यांनी!" ती म्हणाली. तिला वाटलं मी हे ऐकूनच धावत आले. "एवढं सुंदर केलेलं तुम्ही. तुमच्या मेहनतीवर पाणी ओतलं. कोणी केलं हे?"

"मी," मी म्हणाले.

शब्द अगदी सरळ बाहेर आला. तिला तो कळला नाही. मग मी तिला सगळं सांगितलं. वाफ्यांचं, शेडचं, मोहरीच्या दाण्यांचं, रंग जातो आणि त्याच्या मागे काय राहतं त्याचं. बाबांचंही सांगितलं. बाकीच्या बायका जवळ आल्या होत्या, त्याही ऐकत होत्या. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कोणी मला अडवलं नाही, कोणी शिव्या दिल्या नाहीत. सांगून झाल्यावर मला क्षणभर हलकं वाटलं, आणि ते हलकं वाटणं तिने बहुतेक माझ्या चेहऱ्यावर पाहिलं.

"हे तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

"तीन आठवडे झाले."

तिचे ओठ हलत होते, ती काहीतरी मोजत होती. मग ती म्हणाली, "मी हिला पंधरा दिवसांपासून देतेय. आधी आम्ही पीत नव्हतो. तुम्ही रोज वरून जायचात आणि काही बोलायचा नाहीत, म्हणून म्हटलं, चांगलंच असणार."

मुलगी लाल पाण्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत होती. तिला मी आवडले असावे, ती माझ्या छत्रीकडे हात पुढे करत होती. आईने तिचा हात धरला आणि तिला माझ्यापासून लांब नेलं.